लेक निघाली परदेशी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मे महिन्यातल्या सहली, शाळांच्या परदेशवाऱ्या आणि नातेवाइकांकडचे मुक्काम यांची तयारी घराघरांत सुरू झाल्याचं या महिन्याच्या पत्रांवरून दिसतं. त्यातल्या निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. मुलींनी स्वतः लिहिलं आहे तिथे उत्तरही थेट त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे. मेच्या मध्यावर ती आत्याबरोबर ११ दिवसांच्या ग्रुप टूरने पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोमला चालली आहे. रोज वेगळा ड्रेस हवा, असा तिचा हट्ट आहे. बॅगेत काय आणि किती भरू? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : हट्ट पुरवा, फक्त त्यासाठी ११ ड्रेस भरू नका. खाली घालायचे ३ कपडे आणि ५ टॉप एकमेकांवर जाणारे निवडले तर १५ जोड्या होतात. खालचे तिन्ही शांत रंगांत ठेवा : एक गडद निळी जीन्स, एक काळी, पटकन वाळणाऱ्या कापडाची पँट आणि एक पायघोळ स्कर्ट. टॉप मात्र तिच्या आवडीचे, भडक, फुलाफुलांचे, हवे ते. वर दोन स्टोल द्या. फोटोत चेहऱ्याजवळचा रंग बदलला की अख्खा पोशाख बदलल्यासारखा दिसतो, हे मुलींना लगेच पटतं.

जीन्स एकच द्या आणि ती विमानात अंगावर घालू द्या. एका जीन्सचं वजन ६००-७०० ग्रॅम भरतं आणि धुतली तर ती रात्रीत वाळत नाही. आतले कपडे ७ जोड, मोजे ५ जोड, रात्रीचा एक सैल जोड एवढं पुरतं, कारण मधल्या मुक्कामात धुता येतं. हॉटेलच्या बेसिनमध्ये कपडे धुऊन पिळल्यावर कोरड्या टॉवेलवर पसरायचे, टॉवेलची गच्च गुंडाळी करायची आणि तिच्यावर पायाने दाब द्यायचा. बरंचसं पाणी टॉवेल शोषून घेतो आणि पातळ कपडे सकाळपर्यंत वाळतात. हे मुलीला निघण्यापूर्वी घरी एकदा करून पाहायला लावा.

आता हवेबद्दल. मेच्या मध्यावर रोममध्ये दुपारी २२-२३ अंश असतात. पॅरिसमध्ये दुपारी १९-२० आणि पहाटे १० च्या आसपास, शिवाय पाऊस कधीही येतो. खरी परीक्षा स्वित्झर्लंडमध्ये असते. युंगफ्राउयोख हे रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर आहे आणि तिथे मे महिन्यातही पारा शून्याच्या आसपास किंवा खाली असतो. त्याच दिवशी खाली इंटरलाकेनमध्ये ऊन पडलेलं असतं. म्हणून एक जाडजूड स्वेटर कामाचा नाही. थर हवेत, म्हणजे चढताना घालता येतात आणि उतरताना काढता येतात. अंगालगत पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार उबदार कापड) किंवा हलकं पफर (आत भरण असलेलं फुगीर) जॅकेट, सगळ्यात वर टोपीवालं, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आत सुती बनियन किंवा सुती टी-शर्ट. गाडीत आणि इमारतीत हीटर असतो, तिथे घाम येतो. सुती कापड तो धरून ठेवतं आणि बाहेर वाऱ्यात आलं की तेच ओलं कापड अंगाला चिकटून हुडहुडी भरते. पफर जॅकेट बॅगेत फार जागा खातं, म्हणून त्याची गुंडाळी करून लहान पिशवीत दाबून भरावं. हातमोजे, कानटोपी आणि गॉगल विसरू नका. बर्फावरून परतलेल्या उन्हाने डोळे चुरचुरतात आणि नाकाचा शेंडा भाजतो, तेव्हा सनस्क्रीनही हवं. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. उत्साहात धावलं की दम लागतो, डोकं जड होतं. तिथे सावकाश चालायचं आणि घोट घोट पाणी प्यायचं, हे तिला आधीच सांगून ठेवा.

बूट नवे घ्यायचे असतील तर निघण्याच्या ३ आठवडे आधी घ्या आणि रोज तासभर घालून चालायला लावा. अशा सहलीत दिवसाला १५,००० पावलं सहज होतात. रोमच्या दगडी फरशांवर नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतो आणि पुढचे सगळे दिवस लंगडत जातात. जाड मोजे घालून बूट बघा, पुढे अंगठ्याएवढी जागा राहायला हवी. दुसरा जोड हलक्या, पट्टा असलेल्या सँडलचा. उंच टाचा घरीच राहू द्यात.

आणि मे महिना आहे म्हणून सांगतो : हापूस देऊ नका. युरोपीय संघात ताजा आंबा न्यायचा तर वनस्पती-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. दुधाचे पदार्थही चालत नाहीत, तेव्हा पेढे, खवा, तूप नको. चिवडा, खाकरा, मेतकूट, भाजणी बिनधास्त द्या.

प्रश्न : मुलगी साडेपंधरा वर्षांची, पासपोर्ट अजून काढलेला नाही. पुढच्या वर्षी मावशीबरोबर युरोपला पाठवायची आहे, आम्ही दोघं जाणार नाही. कोणती कागदपत्रं लागतील? (एक वडील, सोलापूर)

उत्तर : पहिला निर्णय पासपोर्टच्या मुदतीचा. १८ वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचा असतो किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल ते. म्हणजे तुमच्या मुलीला तो जेमतेम अडीच वर्षं मिळेल. पण १५ ते १८ या वयात १० वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. ३६ पानांच्या पासपोर्टला पहिल्या प्रकारात १,००० आणि दुसऱ्यात १,५०० रुपये शुल्क आहे. पुढे शिक्षणासाठी जायची शक्यता असेल तर १० वर्षांचाच घ्या. अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सह्यांचं ‘परिशिष्ट ड’ हे संमतीचं घोषणापत्र लागतं. पालक विभक्त असतील किंवा एकाची संमती मिळत नसेल तर ‘परिशिष्ट क’ भरावं लागतं, आणि ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असेल तर तो जोडावा.

नावाकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिपेडी नाव असतं. पासपोर्टवर मुलीचं आणि वडिलांचं नाव मिळून एका रकान्यात येतं आणि आडनाव दुसऱ्या. तिकीट आणि व्हिसाचा अर्ज दोन्हींवर अगदी तसंच हवं. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, असा फरक असेल तर तो पासपोर्टच्या आधी निस्तरा. नंतर निस्तरायला महिने जातात.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या आधी ६ महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. ही दुसरी मर्यादा कागदावरची समजा. मे महिन्याच्या प्रवासासाठी फेब्रुवारीतच वेळ घ्या, कारण मार्च-एप्रिलमध्ये मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर तारखा मिळत नाहीत. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तर जिथे आधी पोचणार तिथे. १२ वर्षांवरील मुलांना मोठ्यांइतकंच, म्हणजे ९० युरो शुल्क पडतं. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने चालू असावा आणि त्यात २ पानं कोरी असावीत. १२ वर्षांपुढच्या मुलांचे बोटांचे ठसे घेतात. त्या आठवड्यात घरात लग्न असेल तर बोटांच्या पेरांवर मेंदी काढू नका, ठसे उमटायला अडचण येऊ शकते.

तुम्ही दोघं सोबत नाही म्हणून संमतीपत्र महत्त्वाचं. ते इंग्रजीत, नोटरीसमोर, दोघांच्या सह्यांनी करा. मुलीचा आणि मावशीचा पासपोर्ट क्रमांक, नातं, जाण्या-येण्याच्या तारखा, देशांची नावं आणि तुमचे फोन नंबर त्यात हवेत. ‘गरज पडल्यास वैद्यकीय उपचारांचा निर्णय मावशीने घ्यावा’ हे वाक्य लोक हटकून विसरतात. रात्री दोन वाजता रुग्णालयात नेमकी त्याचीच गरज लागते. सोबत जन्मदाखला, तुमच्या पासपोर्टच्या प्रती आणि शाळेचं बोनाफाइड व रजेचं पत्र. या सगळ्याचा एक संच मावशीच्या हँडबॅगेत, दुसरा मुलीच्या. सामानात टाकायच्या मोठ्या बॅगेत एकही नको.

प्रश्न : मी १६ वर्षांची आहे. रोममध्ये मला बिनबाह्यांचा पांढरा ड्रेस घालायचा आहे. आई म्हणते चर्चमध्ये चालत नाही. खरं का? (नाशिक)

उत्तर : आई बरोबर आहे, पण ड्रेस घरी ठेवायची गरज नाही. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, नाहीतर दारावरून परत पाठवतात. मिलानचं ड्युओमो आणि बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया या चर्चमध्येही असाच नियम आहे. ड्रेस गुडघ्याखाली येत असेल तर खांद्यांवर सुती ओढणी किंवा पातळ श्रग पुरेसा आहे. ओढणी झिरझिरीत नको, तिच्यातून खांदा दिसला तर अडवू शकतात. ड्रेस आखूड असेल तर पिशवीत गुंडाळून ठेवता येईल असा रॅपअराउंड स्कर्ट घे. ड्रेस शुभ्र पांढरा असेल तर आत त्वचेच्या रंगाचे कपडे घाल. पांढऱ्याखाली पांढरं उठून दिसतं.

प्रश्न : विमानात किंवा सहलीत पाळी आली तर? मुलीला पहिले दोन दिवस खूप दुखतं. गोळीने पाळी पुढे ढकलावी का? (एक आई, ठाणे)

उत्तर : पाळी पुढे ढकलायची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. ती साधारणपणे अपेक्षित तारखेच्या ३ दिवस आधी सुरू करतात आणि प्रत्येक मुलीला चालतेच असं नाही. घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल किंवा मुलीला अर्धशिशी असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. विचारायचंच असेल तर महिनाभर आधी विचारा, निघायच्या आदल्या दिवशी नाही. आमचं मत असं की दुखणं औषधाने आटोक्यात राहत असेल तर पाळी येऊ द्यावी आणि तयारी पक्की ठेवावी.

तयारी म्हणजे काय? हँडबॅगेत एक छोटं पाऊच : ६ पॅड, त्यातले २ रात्रीचे मोठे, २ चड्ड्या, कागदी पिशव्या, ओले वाइप्स आणि दुखण्याची नेहमीची गोळी. गोळी तिच्या मूळ पाकिटातच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि चिठ्ठीत औषधाचं मूळ रासायनिक नाव हवं, कारण आपल्या ब्रँडची नावं तिकडे कोणी ओळखत नाही. विमानात आसन मधल्या वाटेच्या कडेचं घ्या. गडद रंगाची पँट घालून पाठवा. पूर्ण सहलीला पुरतील एवढे पॅड घरूनच द्या. तिकडे ते मिळतात, पण स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. त्या दिवशी मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी सापडतात, हे मुलीला माहीत असू द्या.

तिथल्या बहुतेक स्वच्छतागृहांत जेट स्प्रे नसतो. अर्ध्या लिटरची मऊ प्लॅस्टिकची रिकामी बाटली जवळ असली की काम भागतं. अनेक ठिकाणी आत जायला १-२ युरोची नाणी लागतात, तेव्हा सुटे पैसे वेगळ्या कप्प्यात. पॅरिसच्या रस्त्यांवरची स्वयंचलित स्वच्छतागृहं मात्र मोफत आहेत.

प्रश्न : दिवाळीनंतर नात आणि मी दुबईला लेकाकडे जाणार आहोत. फराळ नेता येईल ना? नातीने कपडे कसे घालावेत? (एक आजी, सांगली)

उत्तर : फराळ न्या, पण खसखस असलेलं काहीही नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि तिथला अमली पदार्थांचा कायदा अतिशय कडक आहे. म्हणजे अनारसे बाद, आणि सारणात खसखस घालत असाल तर करंज्याही बाद. करंजीचं सारण या वेळी खोबरं, रवा, वेलदोड्याचं करा. मसाल्याच्या डब्यातून खसखशीची पुडी चुकून जात नाही ना, तेही बघा. शेव, चकली, शंकरपाळे ठीक. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नका. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचून घ्या.

नातीला जीन्स, कुर्ता, टी-शर्ट सगळं चालतं. मॉलमध्ये खांदे-गुडघे झाकलेले बरे, पोहण्याचा पोशाख पोहायच्या जागीच. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत घोट्यापर्यंत सैल कपडे आणि डोक्यावर ओढणी लागते. मॉल आणि मेट्रोत एसीचा गारठा असतो, तेव्हा दोघींजवळ शाल असू द्या. मेट्रोत स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा भाग असतो. डब्यात खाणं-पिणं केलं तर १०० दिरहम दंड होतो, पाण्याचा घोटही त्यात आला. अनोळखी माणसांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत, हे नातीला जरूर सांगा.

प्रश्न : शाळेच्या एक्स्चेंज कार्यक्रमातून मी मार्चअखेर जपानला जाणार आहे आणि ५ दिवस एका कुटुंबात राहणार आहे. केसांचं स्ट्रेटनर नेऊ का? घरात काय पाळायचं? (इयत्ता दहावी, पुणे)

उत्तर : स्ट्रेटनरच्या दांड्यावरची बारीक अक्षरं वाच. तिथे १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर ने. नुसतं २२०–२४० असेल तर ते तिथे जेमतेम कोमट होईल, कारण जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. सॉकेटला दोन चपट्या पट्ट्यांची पिन लागते, आपली गोल पिन बसत नाही. मोबाइलचा चार्जर दोन्ही व्होल्टेजवर चालतो, त्याला फक्त अडॅप्टर हवा. पॉवर बँक सामानातल्या बॅगेत टाकायची नाही, हातातच. २०,००० एमएएच पर्यंतची सुमारे ७४ वॉट-अवर होते, म्हणजे १०० च्या मर्यादेत बसते.

बूट असे घे की ते झटकन काढता-घालता येतील. दिवसातून अनेकदा ते काढावे लागतात, म्हणून मोजे बिनभोकाचे आणि धुतलेले. दाराशी काढलेल्या बुटांची टोकं बाहेरच्या दिशेने ठेवायची. आत चपला देतील, पण ताटामीच्या चटईवर त्याही काढायच्या. संडासाच्या चपला वेगळ्या असतात. त्या घालून तसंच बाहेर येणं ही पाहुण्यांची नेहमीची चूक.

आंघोळ हा सर्वांत महत्त्वाचा भाग. टबाबाहेर स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण धुवायचं, आणि मग स्वच्छ अंगाने टबात बसायचं. त्या पाण्यात साबण जाऊ द्यायचा नाही, आणि निघताना पाणी सोडून द्यायचं नाही. तेच पाणी घरातले सगळे वापरतात. कार्यक्रमात ऑन्सेन म्हणजे गरम झऱ्याचं सार्वजनिक स्नान असेल तर तिथे पोहण्याचा पोशाखही चालत नाही, स्त्रियांचा विभाग वेगळा असला तरी. तुला ते नको असेल तर शिक्षिकेला आधीच सांग. नकार देण्यात काहीही उद्धटपणा नाही, आणि बऱ्याच ठिकाणी एकटीसाठी वेगळी खोली मिळते.

युकाता म्हणजे सुती किमोनो नेसायला मिळेल. डावी बाजू उजवीच्या वर घ्यायची. उलटी घेतली तर ती मृतांना नेसवायची पद्धत होते आणि घरातली मंडळी अस्वस्थ होतात. खिशात रुमाल ठेव, अनेक स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं. रस्त्यावर कचरापेट्या क्वचितच सापडतात, म्हणून एक छोटी पिशवीही. मार्चअखेर टोकियोत दुपारी १५ अंशांच्या आसपास असतं, संध्याकाळी बरंच कमी. एक मध्यम जाडीचं जॅकेट पुरेल. भेट म्हणून लोणावळ्याची चिक्की चांगली, फक्त घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचार.

प्रश्न : पॅरिसमध्ये अर्धा दिवस मोकळा आहे. आम्ही तिघी मैत्रिणी, १६-१७ वर्षांच्या, स्वतः फिरू इच्छितो. घरचे घाबरतात. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दिवसा, तिघी मिळून, ठरलेल्या दोन ठिकाणी जायला हरकत नसावी. घरच्यांना नुसतं ‘फिरतो’ सांगू नका, बेत कागदावर लिहून द्या : कुठे, किती ते किती, परत कुठे भेटायचं. लूव्हर संग्रहालय १८ वर्षांखालील सर्वांना मोफत आहे, कोणत्याही देशाच्या मुलांना. वयाचा पुरावा दाखवावा लागतो आणि वेळ आधी ऑनलाइन घेतलेली बरी. मंगळवारी ते बंद असतं. ओर्से संग्रहालयही १८ खाली मोफत, ते सोमवारी बंद.

माँमार्त्रच्या सक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर काही माणसं मनगटाला दोरा बांधू पाहतात आणि मग पैसे मागतात. हात खिशात ठेवायचे आणि न थांबता पुढे जायचं. कागदावर सही मागणाऱ्या मुली भेटतील. सही करताना तुमचं लक्ष कागदावर असतं आणि दुसरीचा हात तुमच्या पिशवीत. मेट्रोत दाराजवळ फोन हातात धरून उभं राहू नका, दार लागता लागता हिसकावतात. पिशवी आडव्या पट्ट्याची, चेन पुढच्या बाजूला. तिकीट बाहेर पडेपर्यंत जपून ठेवायचं, तपासनीस मध्येच अडवतात आणि दंड जागेवर घेतात.

कार्डाने पैसे देताना मशीन ‘रुपयांत की युरोत’ विचारतं. दर वेळी युरोच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. चुकामूक झाली तर प्रत्येकीने शेवटच्या ठरलेल्या ठिकाणी परत यायचं, एकमेकींना शोधत फिरायचं नाही. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि हॉटेलचा पत्ता कागदावरही लिहा. तातडीचा क्रमांक ११२. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांचा दाखला, मग भारतीय दूतावास. तिथून परतीसाठी आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. त्याकरता पासपोर्टची प्रत आणि दोन फोटो पिशवीपासून वेगळे ठेवलेले असावेत.

प्रश्न : परदेशातल्या सांस्कृतिक संध्याकाळी मला नऊवारी नेसून लावणी करायची आहे. साडी आणि दागिने कसे न्यायचे? (इयत्ता अकरावी, रत्नागिरी)

उत्तर : तिथे नेसवायला कोणी नसेल तर शिवलेली नऊवारी घे. निघण्यापूर्वी ती घालून एकदा पूर्ण नाचून पाहा, कारण शिवलेल्या नऊवारीचा काष्टा मांडीशी तंग असेल तर बैठकीत शिवण उसवते. काष्ट्याची ती शिवण दुहेरी मारून घे आणि त्याच रंगाचा दोरा-सुई सामानात टाक. साडीच्या घड्यांमध्ये सुती पंचा घालून सैल गुंडाळी कर, म्हणजे जरीवर मोड पडत नाही. नथ चापाची, दागिने खोटे आणि हलके. ते सामानातल्या बॅगेत ठेवले तर सुरक्षा तपासणीत पेटी उघडून दाखवत बसावं लागत नाही. गजरा कापडी फुलांचा घे, ताजी फुलं अनेक देशांत विमानतळावरच काढून घेतात. घुंगरू मात्र प्रत्येक पायाचे वेगवेगळ्या मोज्यात घालून हातातल्या बॅगेत ठेव. मोठी बॅग एखाद्या वेळी दोन दिवस उशिरा येते. साडी कोणाकडून तरी मागता येईल, घुंगरू तिथे कोणाकडे मिळणार नाहीत.